उडत्या गुराबांचा जमाखर्च

(ठाण्यात, नौपाड्यातल्या एका वाचक-गटाच्या मासिक बैठकीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक दुरुस्ती. बाहेरच्या फळ्यावर 'मराठ्यांचे उडते आरमार : एक अज्ञात इतिहास' असं लिहिलंय. त्यातला 'अज्ञात' हा शब्द जाता जाता कुणीतरी पुसा. हा इतिहास अज्ञात आहे कारण तो घडलेला नाही. तो मी रचलाय. तीसेक वर्षं रचतोय. सकाळच्या लोकलमध्ये, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट बघताना. फोनवर मी विषय सांगितला होता, 'उडत्या आरमाराने इतिहास बदलला असता का?' फळ्यावर 'असता का' मावलं नसावं. पण माझं सगळं दुकान त्या 'असता का'वरच चालतं.

तिसऱ्या रांगेत दोन गृहस्थ फाइल घेऊन बसलेत. फाइल जाड आहे. आत तळपदे असणार, अंदाज आहे मला. हो म्हणताहेत. मग तो विषय आत्ताच मिटवू, नाहीतर प्रश्नोत्तरं त्यातच जातात. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडवलं असं सांगितलं जातं. त्याचा त्या काळातला भरवशाचा पुरावा हाती नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार देतात, ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी 1974 साली तपासलं आणि सांगितलं, यातलं एकही यान उडणार नाही. तळपद्यांबद्दल मला आदरच आहे, माणूस धडपड्या होता. पण माझा धंदा वेगळा. मी पहिल्याच ओळीत सांगतो की बाबांनो, हे झालेलं नाही. थाप मारायची तर एकच मारावी, ती आधी कबूल करावी, आणि तिथून पुढे पैन् पैचा हिशोब चोख द्यावा. तुमच्या फाइलवर आपण चहाच्या वेळी बोलू. फाइल मात्र चहापासून लांब ठेवा.

माझी थाप कुठली ते सांगतो. फेब्रुवारी 1756, विजयदुर्ग. समुद्रात वॉटसनचं आरमार, जमिनीवर क्लाइव्ह, आणि मागून आपलेच पेशवे इंग्रजांच्या मदतीला. तुळाजी आंग्रे किल्ल्यात नाहीत. बंदरात आंग्र्यांची गलबतं एकमेकांना बांधून उभी. एका गलबतावर तोफगोळा पडतो, आग लागते, आणि कान्होजींच्या वेळेपासून उभं केलेलं आरमार बघता बघता जळून जातं. इथवरचं तुम्हाला पाठ आहे, शाळेत घोकलंय. माझ्या गोष्टीत तो गोळा दहा हात डावीकडे, पाण्यात पडतो. झालं. एवढीच थाप. गोळा पाण्यात, आरमार शाबूत, तुळाजी आणि नानासाहेब यांच्यात पडेल तसा समेट, आणि अलिबागपासून खाली कोकणपट्टीत एक वेगळं दर्यावर्दी राज्य उभं राहतं. त्याचं नाव मी 'अष्टागर' ठेवलं. नाव नवीन नाही, ती तिथल्या आगरांची जुनी ओळख आहे. नुसती नावापुढे दौलत लावली.

आता 1783. हे साल खरं आहे आणि माझं लाडकं आहे. 4 जूनला फ्रान्सच्या आनोने गावात माँगोल्फिए बंधू गरम हवेचा फुगा जाहीर उडवतात. सप्टेंबरात व्हर्सायला राजासमोर एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा वर जातात. 21 नोव्हेंबरला माणसं. आणि 1 डिसेंबरला जाक शार्ल हायड्रोजनच्या फुग्यातून पॅरिसवरून जातो. दोन महिन्यांत मेंढीपासून माणसापर्यंत! आपल्याकडे सोसायटीचा ठराव कमिटीतून सर्वसाधारण सभेपर्यंत यायला याहून जास्त वेळ लागतो. फ्रेंच आणि पुणे दरबार यांचं त्या सुमारास येणंजाणं होतं, 1777 ला सेंट लुबिन पुण्यात येऊन बसलेला होता. तेव्हा ही विद्या दोन-तीन वर्षांत कोकणात पोचली असं मानलं तर ती वेगळी थाप धरू नका, पहिलीतच वळती करा.

तर अष्टागरच्या दरबारात कुणीतरी म्हणतं, गुराब, म्हणजे आपलं तोफांचं लढाऊ गलबत, उडवू. तुमच्या मनात लगेच चित्र उभं राहिलं ना? ढगातून येणारी गुराब, दोन डोलकाठ्या, फुगलेली शिडं, भगवा, बाजूने तोफांची रांग. माझ्याही मनात तेच होतं. त्या चित्रातली एकेक गोष्ट मला हिशोबाने खाली उतरवावी लागली. याचं कारण माझी नोकरी. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका रसायनांच्या कारखान्यात मी 31 वर्षं स्टोअर्सला होतो. स्टोअर्सवाल्याची नजर वाईट. लग्नात नवरी कशी दिसते हे घरी सांगता येत नाही, पण खुर्च्या किती होत्या हे सांगता येतं.

पहिली तोफ घेऊ. चोवीस पौंडी तोफ, वजन साधारण अडीच टन. हवेतून एक घनमीटर हायड्रोजन उचलतो किती? कोकणच्या उकाड्यात किलोभर, फार तर थोडं वर. म्हणजे नुसती तोफ उचलायला चोवीसशे घनमीटर वायू. तोफच फक्त. गाडा नाही, गोळा नाही, गोलंदाज तर नाहीच. त्या काळी हायड्रोजन करायची रीत म्हणजे लोखंडाच्या कीसावर गंधकाम्ल ओतायचं. आमच्या स्टोअर्सच्या कागदावर मी हे मांडलं, मागची बाजू कोरी असते म्हणून. साडेपाच टन लोखंड. नऊ टनांवर गंधकाम्ल. ते करायला तीन टन गंधक. आणि गंधक कोकणात पिकत नाही, ते आखातातून आणायचं.

इथे थांबा जरा. गंधक आणखी कशाला लागतो? बंदुकीच्या दारूला. दारूत साधारण दहावा हिस्सा गंधक. म्हणजे त्या तीन टनांत तीस टन दारू झाली असती. या तोफेला एका बाराला आठ पौंड दारू लागते. करा भागाकार. एक तोफ आकाशात न्यायच्या गंधकात तीच तोफ जमिनीवर बसून आठ हजार वेळा उडवता आली असती! हे गणित मला रात्री अकरा वाजता सुटलं आणि मी सौ.ला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "मग खालीच बसू दे ना तिला," आणि कूस वळवून झोपली.

गंमत म्हणजे फ्रेंचांना हेच कळलं होतं. 1794 मध्ये त्यांनी फुगेवाल्यांची पलटण काढली तेव्हा हुकूम होता, गंधकाम्ल वापरायचं नाही, गंधक दारूला हवा. मग त्यांनी भट्टीत लालभडक तापवलेल्या लोखंडी नळ्यांतून वाफ सोडून हायड्रोजन काढला. म्हणजे पॅरिसलाही कुणीतरी स्टोअर्सवाला बसलेला होता. त्या माणसाला मी मनातल्या मनात कितीदा तरी नमस्कार केलाय.

एका दिवाळी अंकाला मी ही गोष्ट पाठवली होती. अंकाचं नाव सांगत नाही, संपादक आता हयात नाहीत. साभार परत आली, पण वर दोन ओळी होत्या. 'लढाई केव्हा सुरू होते? चाळीस पानं झाली, आपण अजून गंधक मोजता आहात.' शिवाय त्यांनी माझ्या 'गुराबे'वर जागोजाग लाल शाईने 'विमाननौका' केलं होतं. गुराब! कान्होजींच्या खलाशाच्या तोंडी 'विमाननौका'? तो 'विमाननौका' म्हणेपर्यंत इंग्रज वरळीला उतरतील. ते हस्तलिखित अजून आहे माझ्याकडे, लाल शाईसकट.

आता गणपतीतली गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कळलं असतं खरं तर, पण मला सांगायचीच आहे.

1994. आमच्या सोसायटीचा गणपती पार्किंगमध्ये बसायचा, आजही बसतो. देखाव्याची जबाबदारी त्या वर्षी माझ्याकडे आली, कारण मीटिंगला मी उशिरा गेलो. मी म्हटलं, उडती गुराब करू. बाप्पाच्या डोक्यावर, छतापासून हातभर खाली, दोऱ्याबिऱ्याशिवाय तरंगणारी गुराब. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण खर्च कमी दिसत होता. बांबूच्या कामट्या तासून मी चार फुटी सांगाडा केला. पतंगाचा कागद, थर्मोकोलच्या तोफा, काळ्या रंगाचा एकच हात, कारण दुसरा हात दिला की वजन वाढतं. वाण्याकडे नेऊन वजन केलं. भरलं 420 ग्रॅम. वाणी म्हणाला, "काका, आकडा चांगला नाय." मी हसलो.

हिशोब केला. दहा इंची फुग्यात साडेआठ लिटर वायू, उचल नऊ ग्रॅम. 420 भागिले 9, सत्तेचाळीस फुगे. तीन वरकड धरून पन्नास. तलावपाळीवरच्या फुगेवाल्याकडे गेलो. त्याची गॅसची टाकी असायची, त्यात कॉस्टिक आणि ॲल्युमिनियमचा चुरा टाकून तो हायड्रोजन करायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर ठाण्याच्या मध्यवर्ती भागात फिरता बॉम्ब. पन्नास फुगे हातात घेऊन मी रिक्षात बसलो. एका हातात फुग्यांचा झुबका, तो रिक्षाच्या बाहेर, आणि राम मारुती रोडवरची सगळी पोरं मागे. निघताना फुगेवाला म्हणाला होता, "साहेब, संध्याकाळपर्यंतच चालतात हे." मी ऐकलं नाही. इंजिनियर नसलो तरी इंजिनियरांबरोबर जेवणारा माणूस मी, फुगेवाल्याचं काय ऐकणार?

फुगे बांधले. गुराब हलेना. टेबलावर बसली ती बसलीच. मी फुग्याच्या रबराचं वजन धरलंच नव्हतं! एकेक फुगा तीन ग्रॅमचा. उचल नऊ नाही, सहा. सत्तेचाळीस नाही, सत्तर पाहिजेत. पुन्हा रिक्षा, पुन्हा तलावपाळी, पुन्हा पोरं. दुपारी तीनला बाहत्तर फुग्यांवर गुराब उठली. मंडळी, ती उठताना तुम्ही बघायला हवं होतं. आधी नाळ उचलली गेली, मग मागचा भाग टेबल सोडेना, मग तोही सुटला आणि ती डुलत डुलत, घाई नसल्यासारखी, वर जाऊन छताखाली थांबली. पोरं टाळ्या वाजवायची विसरली. आमचे जोशीकाका, ज्यांनी आयुष्यात कुणाला चांगलं म्हटलं नाही, ते म्हणाले, "बरी आहे."

संध्याकाळी साडेसातला आरती. गुराब सातलाच वीतभर खाली आली होती, पण मला वाटलं आपल्यालाच तसं दिसतंय. 'सुखकर्ता'ला आणखी वीतभर. गॅस रबरातून झिरपत होता. हायड्रोजनएवढा हलका जीव जगात दुसरा नाही, त्याला रबर म्हणजे चाळणी. 'लवथवती'ला ती बाप्पाच्या मुकुटाच्या उंचीवर. खाली जोशीकाकांच्या हातात तबक, तबकात पाच वातींची निरांजनं आणि कापूर पेटलेला. वर बाहत्तर फुगे हायड्रोजन. आणि आमच्याकडे आरत्या म्हणजे संपता संपत नाहीत, 'घालीन लोटांगण' आलं की कुणीतरी 'येई हो विठ्ठले' काढतंच. मी टाळ्या वाजवतोय आणि मनात मोजतोय, एक आरती म्हणजे एक वीत. 'दुर्गे दुर्घट भारी' चालू झालं तेव्हा सुकाणू तबकापासून दोन हातांवर होतं. ओरडायचं तर आरतीत ओरडणार कसं? सौ.ने माझ्याकडे बघितलं, वर बघितलं, तबकाकडे बघितलं, आणि सरळ जाऊन कोपऱ्यातला उभा पंखा तीनवर केला. निरांजनं विझली. गुराब फिरली, पार्किंगच्या तोंडातून बाहेर पडली, गेटवरून गेली आणि रस्त्यापलीकडच्या तारांत अडकली. पुढे तीन दिवस तिथेच होती. वीजमंडळाचा माणूस शिडी लावून काढायला आला तेव्हा त्याने विचारलं, "हे काय आहे?" जोशीकाका म्हणाले, "यांचं आरमार."

तर मंडळी, त्या रात्री मला माझी गोष्ट सापडली. तोवर मी लढाई शोधत होतो. आता कळलं की उडत्या आरमाराचा खरा शत्रू इंग्रज नव्हे, गळती. खालची गलबतंसुद्धा गळतात, पण गळलेलं पाणी उपसता येतं. इथे जे गळतं ते पुन्हा विकत घ्यावं लागतं. रोज. उन्हाने वायू फुगला की सोडून द्यावा लागतो, नाहीतर पिशवी फाटते. रात्री आकसला की उचल कमी पडते, मग वाळूची पोती टाकायची. एका दिवस-रात्रीत थोडा वायू गेला, थोडी वाळू गेली. लढाई न करता दारूगोळा संपावा तसं हे.

मग पिशवी कशाची करायची? खऱ्या इतिहासात, जर्मन झेपेलिनच्या वायूच्या पिशव्या कापडाला बैलगाईंच्या आतड्याचा पातळ पापुद्रा चिकटवून करत. एका मोठ्या झेपेलिनला अडीच लाखांच्या आसपास जनावरांची आतडी लागत. आता हे अष्टागरात सांगा. शेजारी पुणं! पेशव्यांचं! अडीच लाख! माझं राज्य लढाईआधीच शास्त्रार्थात बुडत होतं. दोन वर्षं मी त्या एका परिच्छेदावर अडकलो होतो. रेशमावर राळ-तेलाचा हात देऊन बघितला, कागदावर. रेशीम जड होतं आणि उन्हात चिकटतं. लाख लावली, तिला घडीवर भेगा पडतात.

वाट दाखवली ती आमच्या स्टोअर्समधल्या एका सहकाऱ्याने. चेंदणी कोळीवाड्यातला माणूस. डबा खाता खाता मी त्याला ही अडचण सांगितली, कारण मी सगळ्यांनाच सांगायचो. तो म्हणाला, "साहेब, गायीचा कशाला? घोलीचा बोत घ्या ना." घोळ माशाच्या पोटातली हवेची पिशवी, बोत. दुसऱ्या दिवशी वाळवलेलं एक बोत वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. हाताएवढं, पिवळट, मेणकापडासारखं; उजेडावर धरलं की पलीकडचा बल्ब दिसतो. वास विचारू नका, आमच्या पर्चेस मॅनेजरने खिडकी उघडली. पण निसर्गाने वायू धरून ठेवायलाच केलेली पिशवी ती! उकळली तर उत्तम सरस होतो. म्हणजे पापुद्राही तीच आणि चिकटवायचं लुकणही तीच. अष्टागरचे कोळी बोतं वाळवतात, कोळणी ती रेशमावर सरसाने बसवतात, आणि दरबारात ठराव होतो की घोळ मासा बाजारात आला की बोत सरकारजमा, मासा तुमचा. हे एवढं सुचलं त्या दिवशी मी त्या सहकाऱ्याला मामलेदाराच्या मिसळीला नेलं. त्याने दोनदा तर्री मागितली. हक्कच होता त्याचा.

चिठ्ठी आलीय. 'दहा मिनिटं. आठ वाजता हार्मोनियमचा वर्ग आहे.' अहो, मुख्य विषय अजून यायचाय! बरं. पोरं आली असतील तर मागे बसू द्या, त्यांनाही कळू दे. पळतो आता.

शिडांचं आधी. उडत्या जहाजाला शिडं काढणाऱ्या सर्व चित्रकारांना माझा निषेध. गलबत वाऱ्याच्या आडवं चालतं कारण खाली त्याचा कणा पाण्यात रुतलेला असतो. फुगा वाऱ्यातच असतो, वाऱ्याबरोबरच जातो. त्याच्यावर बसलेल्याला वारा लागतसुद्धा नाही. शीड लावलं तर ते ओल्या टॉवेलासारखं लोंबेल. मग चालवायचं कसं? इंजिन? वाफेचं इंजिन बसवून फुगा पहिल्यांदा चालवला जिफारने, 1852 साली. तेही तीन अश्वशक्तीचं, वारा पडलेला असला तरच परत फिरता येईल एवढं. म्हणून अष्टागरची उडती गुराब दोरखंडाने बांधलेली आहे. खाली गलबत, गलबतावर तांडेल, वर शंभर हातांवर गुराब. ज्याच्याजवळ आरमार त्याचा समुद्र, हे आज्ञापत्रातलं आपल्याला ठाऊक आहे. आकाशाचं उलटं निघालं. ज्याच्याजवळ समुद्रावरचं आरमार आहे त्यालाच आकाशातलं परवडतं, कारण दोरी खालच्याच्या हातात. माझ्या दौलतीत अशा गुराबा कधीच पाचांच्या वर गेल्या नाहीत. सहावी मी एकदा बांधायला घेतली होती, गंधक पुरला नाही.

तोफा? नाहीत. टांगलेल्या पाळण्यातून अडीच टनी तोफ उडवली तर गोळा एकीकडे आणि गुराब दुसरीकडे. गोळा नुसता खाली सोडायचा. हे लाना दे तेर्झी नावाच्या इटालियन पाद्र्याने 1670 मध्येच लिहून ठेवलंय. त्याने निर्वात केलेल्या तांब्याच्या गोळ्यांवर उडणारी नाव कागदावर काढली आणि वर म्हणाला, हे देव होऊ देणार नाही, कारण मग वरून जहाजांवर आणि शहरांवर आग टाकता येईल. पण दोरीला बांधलेल्या गुराबेतून नेम धरून टाकायचं म्हणजे शत्रूने बरोब्बर खाली येऊन उभं राहायला हवं. म्हणून तिचा खरा उपयोग एकच, डोळा. फ्ल्युरसच्या लढाईत, 26 जून 1794 ला, कूतेल नावाचा कप्तान कितीतरी तास फुग्यात बसून चिठ्ठ्या खाली सोडत होता आणि फ्रेंचांनी लढाई मारली. असो, चिठ्ठ्यांचं महत्त्व आज माझ्याइतकं कुणाला कळणार.

पाऊस. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत खालची गलबतं शाकारून ठेवतात. वरची? हजार चौरस मीटरच्या पिशवीवर दहावा हिस्सा मिलिमीटर पाणी नुसतं चिकटून राहिलं तर शंभर किलो. आणि ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे पाचही गुराबा चार महिने वखारीत, आणि बोत म्हणजे उंदरांना मेजवानी. मी एक प्रकरण फक्त मांजरांवर लिहिलंय, वाचायला देईन कधीतरी.

आणि यात माझी अतिशयोक्ती वाटत असेल तर आर 101 आठवा. इंग्रजांचं हे 237 मीटर लांबीचं हवाई जहाज हिंदुस्थानला यायचं होतं. कराचीला, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, त्याच्यासाठी अवाढव्य गोदाम बांधून तयार होतं. उचल कमी भरली म्हणून जहाज मधोमध कापून 45 फुटांचा तुकडा घातला, ब्लाउज उसवून ठिगळ देतात तसा. 4 ऑक्टोबर 1930 च्या संध्याकाळी निघालं, पावसावाऱ्यातून, आणि पहाटे दोनच्या सुमाराला फ्रान्समध्ये बोव्हेजवळ टेकडीला टेकून पेटलं. 54 पैकी 48 माणसं गेली, त्यात हवाई खात्याचे मंत्रीही होते. अमेरिकेचं ॲक्रन 1933 च्या एप्रिलमध्ये समुद्रात गेलं, 76 पैकी 73. जिथे इंजिनं होती, हवामानखातं होतं, पैसा होता, तिथली ही गत. कराचीचं ते घर मात्र पाहुण्याची वाट बघत उभं राहिलं. माझ्या थापेत इतकी करुण जागा मला कधी साधली नाही.

तीन मिनिटं म्हणताहेत. तर, इतिहास बदलला असता का? लढायांचा, नाही. इंग्रज आले असते, थोडे उशिरा, वर बघत बघत. पण स्टोअर्सवाल्याच्या वहीत दुसरी बाजू असते, जमेची. पाच गुराबा दरसाल भरायच्या तर गंधकाम्ल शेकडो टन करावं लागतं. शिशाच्या खोल्यांत ते ढिगाने करायची रीत रोबकने बर्मिंगहॅमला 1746 मध्येच काढली होती, ती अष्टागरला आणावीच लागते. त्या खोल्यांना शिसं लागतं, शिसं जोडणारे कारागीर लागतात, मोजणारे लागतात. आणि मघाचं ते लोखंड-गंधकाम्लाचं गणित? एक तोफ उचलायच्या वायूमागे सव्वीस टन हिराकस उरतो. हिराकस म्हणजे रंगाऱ्यांचा आणि शाईवाल्यांचा माल! पाच गुराबांमागे तो इतका साचतो की खपवल्याशिवाय वखारीत पाय ठेवायला जागा नाही. मग कापड रंगवणारे येतात, कातडं रंगवणारे येतात, काळी शाई स्वस्त होते, लिहिणारे वाढतात. माझ्या गोष्टीत 1800 सालापर्यंत ठाण्याच्या खाडीकाठी रसायनांच्या भट्ट्यांची रांग लागते. आपल्याकडे ती रांग खरी लागली 1960 नंतर, तिकडे पलीकडे, जिथे मी 31 वर्षं हजेरी लावली. दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा फरक, एका हवेत न टिकणाऱ्या खुळापायी. खाडीचं पाणीही मग तेवढंच आधी नासलं असतं, ते खर्चाच्या बाजूला लिहिलंय मी. चेंदणीचा तो सहकारी म्हणाला होता, "म्हंजे घोली आमच्या आज्याच्या वक्तालाच संपल्या असत्या." तेही लिहिलंय.

शेवटची गुराब कुठे पडते ते सांगतो आणि उठतो. दोरी तुटते, वारा तिला खाडीवरून आत आणतो आणि ती इथे, मासुंद्याच्या तळ्यात उतरते. 1783 मध्ये शार्लचा पहिला रिकामा फुगा गोनेस गावात पडला तेव्हा गावकऱ्यांनी राक्षस समजून त्याला काट्याकोयत्यांनी फाडला होता. आमच्या ठाणेकर बायका तसं करत नाहीत. त्या सरस गरम पाण्याने सोडवतात, रेशीम धुतात आणि वाटून घेतात. त्या वर्षी चेंदणीत प्रत्येक पोरीचं परकर-पोलकं रेशमाचं असतं. मासळीचा वास जरा राहतोच.

आलो, आलो. पेट्या आत आणा, मुलांनो. फाइलवाले, थांबा हं, जाऊ नका. आणि हो, ती 1994 ची गुराब तारांतून काढल्यापासून माझ्या माळ्यावर आहे. एक कामटी मोडलीय, बाकी शाबूत. वजन 420 ग्रॅमच. कुणाला हवी असेल तर घेऊन जा. फुगे तुमचे.